काशीचा पैलतीर कुणाचा?

दशाश्वमेध घाटावरचे फूलवाले, पंडे आणि फोटोवाले यांच्या तावडीतून सुटून दक्षिणेकडे चालू लागलं, की आधी शीतला घाट लागतो आणि त्याला लागूनच अहिल्याबाई घाट. जुन्या काळी हा केवलगिरी घाट होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढला आणि लोकांच्या तोंडी त्यांचंच नाव बसलं. शेजारचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांच्या कारभाऱ्याचा, श्रीधर नारायण मुन्शींचा. त्यामुळे इथे आलेला मराठी माणूस जरा ऐटीतच असतो. नावाच्या पाटीखाली फोटो काढून घेतो, विश्वनाथाचं आजचं मंदिरही बाईंनीच १७८० च्या सुमारास उभारलं हे सोबतच्या मुलांना सांगतो. या सगळ्या वेळात त्याची पाठ नदीकडे असते.

नदीकडे तोंड केलं की पहिलं आश्चर्य समोर येतं. अलीकडे ऐंशीहून जास्त घाट, वाडे, देवळं, धूर, घंटा, माणसांचा लोंढा. पलीकडे काही नाही. नुसती वाळू, तिच्यामागे झाडांची एक पुसट रेघ. इतक्या जुन्या शहराने नदी ओलांडलीच नाही असं वाटतं. याचं उत्तर पाण्यात आहे. गंगा इथे उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे शहराकडे, प्रवाह किनारा कापत राहतो. पण तिथे कंकराची उंच, घट्ट दरड असल्याने शहर टिकलं. आतल्या बाजूला पाण्याचा वेग मंदावतो आणि ते वाळू टाकत जातं. पावसाळ्यात हा पैलतीर पूर्ण बुडतो आणि पूर ओसरला की पुन्हा वर येतो. काशीकर त्याला नुसतं 'रेती' म्हणतात.

दरवर्षी बुडणारी आणि दरवर्षी नव्याने उगवणारी ही जमीन कुणाची? गेल्या दीडशे वर्षांत सरकारने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली. ज्यांची रोजची वहिवाट या वाळूवर होती, त्यांना मात्र कधी विचारलं नाही.

ती माणसं म्हणजे मल्लाह. केवट, माझी, निषाद अशीही नावं त्यांना आहेत आणि रामाला गंगापार नेणाऱ्या केवटाशी ते आपलं नातं सांगतात. कायद्याच्या भाषेत ते आदिवासी नाहीत. उत्तर प्रदेशात त्यांची गणना इतर मागासवर्गीयांत होते. अनुसूचित जातींत समावेश व्हावा म्हणून राज्य सरकारने काढलेले आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केले. पण एखाद्या समाजाचं एका भूभागाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं, तिथले अलिखित नियम आणि त्यावर चालणारं पोट, हे सगळं पाहिलं तर जगभर 'मूळनिवासींचा भूमीवरचा हक्क' म्हणून जे बोललं जातं, त्याच्या जवळ जाणारं काशीत दुसरं कुणी नाही. त्यांच्या बाबतीत भूमी ओली आहे, एवढाच फरक.

घाटावर हे नियम आजही दिसतात. कुणीही यावं आणि कुठेही नाव लावावी, असं इथे चालत नाही. एकेका घाटावर ठरावीक कुटुंबांचा वारसाहक्क असतो. त्यांना घटवार म्हणतात. बाकीच्यांनी त्यांच्या संमतीने, पाळीपाळीने उतारू घ्यायचे. या हक्काचा सरकारी सातबारा नाही. भांडणं होतात, ती समाजातच मिटवली जातात. ब्रिटिशांना हे पटणारं नव्हतं. १८७८ च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्टने उतारांवरचा अधिकार सरकारकडे घेतला आणि त्यांची वसुली लिलावाने देण्याची वाट खुली केली. आगगाडी आणि आगबोटींनी मालवाहतूक नेली ती वेगळीच. काही जिल्ह्यांतल्या मल्लाहांवर तर 'गुन्हेगार जमाती'चा शिक्काही बसला. नदीवर मोकळेपणी फिरणारा माणूस कुठल्याही कचेरीला संशयितच वाटतो.

नाव प्रवाहाविरुद्ध निघते. पूर्वी वल्ह्यांनी अर्धा दिवस घेणारं अंतर आता इंजिन लवकर कापतं. बऱ्याच नावांना सीएनजीची यंत्रं बसली आहेत. दरभंगा, राणा महाल, केदार, हरिश्चंद्र, तुलसी, अस्सी असे घाट मागे पडतात. अस्सीच्या पुढे पायऱ्या विरळ होतात, नाल्यांचा वास वाढतो. मग पैलतीरावर काशीनरेशांचा रामनगर किल्ला दिसू लागतो. त्याच्याही वर नदीकाठी सिमेंटचा नवा धक्का आहे. १,६२० किलोमीटर लांबीच्या राष्ट्रीय जलमार्ग एकवरचं हे मालवाहू टर्मिनल. पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचं उद्घाटन केलं.

इथून मागे फिरायचं, कारण गोष्ट इथूनच सुरू होते. रामनगर किल्ल्यापासून राजघाटाच्या मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून जाहीर झाला. घाट, प्रेतं, कपडे धुणारे, हजारो स्नानार्थी आणि शेकडो नावा ज्या पाण्यात, तेच पाणी अभयारण्य! बाहेरून आलेल्याला हे ऐकून आधी हसूच येतं. त्यामागचा विचार मात्र गंभीर होता. जून १९८६ मध्ये राजीव गांधींनी वाराणसीतच गंगा कृती योजना सुरू केली. अर्धवट जळलेली प्रेतं आणि जनावरांची शवं हा तिच्यापुढचा एक प्रश्न होता. गंगेतलं मऊ पाठीचं मोठं कासव मेलेलं मांस खातं. तेव्हा चंबळच्या किनाऱ्यावरून अंडी आणायची, सारनाथच्या केंद्रात पिल्लं वाढवायची आणि काशीत सोडायची, असं ठरलं. पुढच्या वर्षांत हजारो कासवं सोडली गेली. नदीला तिचे सफाई कामगार परत मिळतील, हा हिशोब.

नाव रेतीला लागते. आता इथे पर्यटकांसाठी घोडे आणि उंट उभे असतात, चहाच्या टपऱ्या असतात. एकेकाळी पूर ओसरला की मल्लाह कुटुंबं हीच वाळू वाटून घ्यायची, खड्डे करून शेणखत घालायची आणि उन्हाळ्यात काकडी, कलिंगड, खरबूज काढायची. वाळू उपसून नावेने शहरात नेणं हा दुसरा धंदा आणि मासेमारी तिसरा. अभयारण्य झालं आणि या पट्ट्यात तिन्हींवर गदा आली. सरकारी व्यवहारात हे सरळ होतं: अभयारण्य म्हटलं की वहिवाट थांबली. पण घटवारीच्या हक्काला सरकारदरबारी कागद नव्हता, तसा वाळूच्या वाटणीलाही नव्हता. कागदच नसल्याने भरपाईचा प्रश्न आला नाही. मल्लाहांच्या बोलण्यात कासवांची थट्टा तेव्हापासून आहे. ज्या कासवांसाठी आम्हाला हटवलं ती आहेत तरी कुठे, असं ते विचारतात.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मल्लाह म्हणजे निसर्गाचे जन्मजात रखवालदार, असं म्हणणं गोड आहे आणि खोटं आहे. बेसुमार वाळूउपसा नदीचं नुकसान करतो, बारीक आसाचं जाळं माशांची पिल्लंही ओढून काढतं. पण शहराचं सांडपाणी मल्लाहांनी सोडलं नाही. १९७५ मध्ये फरक्का धरण सुरू झालं आणि समुद्रातून अलाहाबादपर्यंत चढून येणारी हिलसा मासळी वरच्या गंगेतून जवळजवळ नाहीशी झाली, तेही त्यांनी केलं नाही. नदीच्या मोठ्या दुखण्यांना हात न घालता सर्वांत दुबळ्या माणसाचा हात नदीवरून काढून घेणं सोपं होतं, म्हणून आधी तेच झालं.

आणि मग ज्या कासवांसाठी हे सगळं केलं, तीही कागदावरून गेली. २०२० मध्ये राज्य सरकारने काशीचं कासव अभयारण्य रद्द केलं. माणसांची वर्दळ इतकी आहे की इथे अभयारण्याला अर्थ उरलेला नाही, असा मुद्दा पुढे आला. जलमार्गावरच्या मालवाहू बोटींना या पट्ट्याची अडचण होती, हेही उघड होतं. म्हणजे वर्दळ १९८९ मध्ये मल्लाहाच्या कलिंगडांना बाधली, आणि २०२० मध्ये तीच वर्दळ कासवांना घालवायला उपयोगी पडली. पुढच्याच उन्हाळ्यात या रेतीतून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा कालवा खणण्यात आला. पावसाळ्याच्या पुरात तो बुजून गेला. जानेवारी २०२३ मध्ये याच वाळूवर पर्यटकांसाठी आलिशान तंबूंचं शहर उभं राहिलं आणि ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. नदीत मोठ्या क्रूझ बोटी आल्या तेव्हा नाविकांनी नावा बांधून ठेवून निषेध केला. एवढ्या घडामोडींत मल्लाहांना रेतीची वाटणी परत मिळाली नाही.

प्रवाहाबरोबर परतताना अहिल्याबाई घाट पुन्हा डाव्या हाताला येतो. त्या पायऱ्यांकडे पाहताना मराठी प्रवाशाने बाईंच्या दानधर्माइतकाच त्यांचा राज्यकारभारही आठवायला हवा. माळव्यातून दक्षिणेकडे येणाऱ्या डोंगरवाटांवर भिल्लांची लूटमार चाले. बाईंनी आधी बळ वापरून पाहिलं, काही नायकांना कठोर शिक्षाही केल्या. पण त्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. तिला भिलकवडी म्हणत. बदल्यात वाट सुरक्षित ठेवायची, आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायची जबाबदारी भिल्लांवर. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात ही व्यवस्था नोंदवली आहे. डोंगर भिल्लांचा आहे हे दरबाराने मानलं, म्हणून डोंगराची राखण त्यांच्यावर सोपवता आली. आजच्या वनखात्याच्या किती फायलींत हा क्रम सापडेल?

बाईंच्या स्वतःच्या जन्मभूमीतही तो सापडत नाही. त्यांचा जन्म चौंडीचा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, घराणं धनगराचं. अहिल्यानगर आणि सोलापूरच्या माळरानांवर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, आणि तेही केवढं? ८,४९६ चौरस किलोमीटर! गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा सगळं त्यात. मेंढ्यांच्या चराईवर बंधनं आली, जमिनीचे व्यवहार अडकले, आणि माळढोक हा पक्षी लोकांच्या लेखी वैरी ठरला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं. तोवर उशीर झाला होता. आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. शतकानुशतकं ज्या धनगरांच्या कळपांबरोबर ते गवताळ माळ आणि तो पक्षी दोन्ही टिकले होते, त्यांना राखणीत वाटेकरी करून घ्यायचं राहून गेलं.

राजघाटाला नाव सोडून सारनाथकडे जाताना वाटेवर मालवीय पूल लागतो. १८८७ चा हा पूल म्हणजे रद्द झालेल्या अभयारण्याची खालची हद्द. सारनाथला बहुतेक जण स्तूप आणि अशोकस्तंभाचं शीर्ष पाहून परततात. कासवांचं केंद्र पाहायला जाणारे थोडे. टाकीतली तळहाताएवढी पिल्लं अन्न टाकलं की एकमेकांच्या पाठीवर चढतात. ती पाहताना कुणालाही या योजनेबद्दल आपुलकी वाटेल, इतकी ती गोजिरवाणी आहेत. वाढवण्यात कसूर नव्हती. सोडल्यानंतर त्यांच्यावर नजर ठेवणारं पाण्यात कुणी नव्हतं, कारण जे चोवीस तास पाण्यावर असतात त्यांच्याशी सरकारचं नातं बंदी आणि दंडाचं होतं.

पुलाखालून गेलेलं पाणी पुढे बिहारात भागलपूरला पोचतं, आणि तिथली हकिगत काशीच्या उलट आहे. सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ऐंशी किलोमीटरच्या गंगेवर मोगल काळापासून चालत आलेली 'पाणीदारी' होती: नदीचे जमीनदार! देशातली जमीनदारी गेली तरी ही टिकून होती. मासा धरायचा तर त्यांना कर द्यावा लागे. कहलगावच्या मच्छीमारांनी १९८२ मध्ये गंगा मुक्ती आंदोलन सुरू केलं आणि १९९१ मध्ये बिहार सरकारने पारंपरिक मच्छीमारांना नदी करमुक्त केली. त्याच वर्षी, त्याच पाण्यात, सुलतानगंज ते कहलगाव हा विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्याचा पट्टा जाहीर झाला. गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सूंस, २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत नदीतल्या डॉल्फिनची संख्या ६,३२७ भरली; सर्वाधिक, २,३९७, उत्तर प्रदेशात आणि त्याखालोखाल बिहारमध्ये.

म्हणून भागलपूरची कथा यशाची म्हणायची का? अर्धी. नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पट्ट्यात मच्छीमार आणि सूंस यांच्या नात्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. नदी सर्वांना मोकळी झाली, पण तिचे नियम ठरवायचा आणि ते मोडणाऱ्याला अडवायचा अधिकार कुठल्याच मच्छीमार गावाला मिळाला नाही. ती पोकळी मच्छरदाणीच्या जाळ्यांनी आणि बंदूकवाल्या टोळ्यांनी भरून काढली. कर माफ होणं आणि हक्क मिळणं यांत हे अंतर राहतं.

ते अंतर जिथे ओलांडलं गेलं ते ठिकाण पाहायला मराठी माणसाला गंगाकाठी यायची गरज नव्हती. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या अशा गावांपैकी ते एक. हक्क कागदावर आला तरी बांबू नेण्याचा वाहतूक परवाना वनखातं आपल्याच हातात ठेवून होतं. तो एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात जाऊन ग्रामसभेच्या हवाली केला. गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. अभ्यासगटात मधमाश्यांवर चर्चा होऊन पोळं न जाळता मध काढण्याची रीत आली. जंगल ग्रामसभेचं, म्हणून बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा याची काळजीही ग्रामसभेचीच.

अशा उदाहरणांवरून पुष्कळदा एक आकडा फेकला जातो: जगातली ८० टक्के जैवविविधता मूळनिवासींच्या भूमीवर आहे. २०२४ मध्ये 'नेचर' साप्ताहिकातल्या एका लेखात संशोधकांनी दाखवून दिलं, की या आकड्याला मोजणीचा आधार नाही. त्याने खरा मुद्दा पडत नाही. २०१८ च्या एका अभ्यासाप्रमाणे ८७ देशांत मिळून निदान ३.८ कोटी चौरस किलोमीटर भूमी मूळनिवासी समाजांच्या हक्काखाली किंवा व्यवस्थेखाली आहे आणि जगातल्या संरक्षित क्षेत्रांपैकी सुमारे ४० टक्के भाग तिच्यात येतो. एवढी भूमी तिथल्या माणसांशी भांडून राखता येणार नाही, हे समजायला ८० टक्क्यांची गरज नाही.

नदीच्या बाबतीत न्यूझीलंडने २०१७ मध्ये एक पाऊल टाकलं. व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला आणि तिच्या वतीने बोलायला दोन पालक नेमायचं ठरलं: एक सरकारचा, एक तिथल्या माओरी समाजाचा. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेलाही व्यक्ती ठरवलं. पालक कोण? नमामि गंगे या सरकारी कार्यक्रमाचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. तिघेही सरकारी, नदीवर जगणारा त्यांत एकही नाही. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

काशीहून त्रिस्थळीचे यात्रेकरू प्रयागला निघतात. महामार्ग भदोहीतून गोपीगंजवरून जातो, नदी त्याच्या दक्षिणेला राहते. काशीचं अभयारण्य रद्द करताना सरकारने प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांत गंगेचा तीस किलोमीटरचा पट्टा नवं कासव अभयारण्य म्हणून निवडला. इथे घाटांची गर्दी नाही, वाळूचे काठ शांत आहेत, कासवांना अंडी घालायला जागा आहे. काठावर मासे धरणाऱ्यांची गावंही आहेत. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत अभयारण्यं येतात आणि सामूहिक हक्कांत पाण्यातली मासळी येते, तेव्हा या गावांना राखणीत वाटेकरी करायला नवा कायदा करावा लागणार नाही. हद्द आखताना, बंदीचे महिने ठरवताना आणि चोरटी जाळी पकडताना त्यांना अधिकार मिळाला, तर कासवांना निदान बारमाही पहारा मिळेल. नाही मिळाला तर काशीतले तीस वर्षांचे प्रयोग इथे पुन्हा होतील, कारण हा पट्टाही राष्ट्रीय जलमार्ग एकवरच येतो.